ताणात पांढऱ्या पेशी जातात कुठे?

‘टेन्शन घेऊ नकोस, इम्युनिटी कमी होईल’ हा सल्ला हल्ली कुणीही देतं. देणाऱ्याच्या मनात प्रतिकारशक्ती म्हणजे एकच रास असते: ताणाने घटते, काढ्याने वाढते. निरोगी माणसांना मुद्दाम ताण देऊन त्यांचं रक्त तपासलं, तर पहिल्या काही मिनिटांत नेमकं उलटं दिसतं.

जर्मनीत हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या मानफ्रेड शेडलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आयुष्यात पहिल्यांदाच विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारणारे ४५ जण त्यांनी निवडले. उडीच्या आधी, जमिनीवर उतरल्या उतरल्या आणि तासाभराने त्यांचं रक्त घेतलं. उतरल्यावर लगेच रक्तातल्या ‘नॅचरल किलर’ म्हणजे एनके पेशी चांगल्याच वाढलेल्या होत्या. विषाणूने ग्रासलेल्या पेशी हेरून मारायचं काम या करतात. तासाभराने मात्र त्यांची संख्या मूळ पातळीच्याही खाली गेली होती.

आता गंमत बघा. नवीन पांढरी पेशी घडायला वेळ लागतो, उडी तर काही मिनिटांची. मग एवढ्या पेशी आल्या कुठून?

त्या आधीपासून तिथेच होत्या. एरवी पांढऱ्या पेशींपैकी बऱ्याच जणी रक्तासोबत वाहतच नाहीत. त्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटून असतात, काही प्लीहेत (स्प्लीन) आणि फुप्फुसांतल्या बारीक वाहिन्यांत थांबलेल्या असतात. दंडातून काढलेल्या रक्तात त्या येत नाहीत, म्हणून रिपोर्टमध्ये मोजल्याही जात नाहीत. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर पावलोपावली पोलीस दिसतात म्हणून पुण्यात त्या दिवशी पोलीसभरती झाली असं कुणी म्हणत नाही, तसंच हे.

त्यांना अस्तरापासून सोडवतं अ‍ॅड्रिनलिन. भीती वाटली की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते रक्तात सोडतात. एनके पेशींच्या पृष्ठभागावर बीटा-२ नावाचे ग्राही (निरोप झेलणारी प्रथिनं) असतात, आणि इतर लिम्फोसाइट पेशींच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, एनकेही त्यातल्याच) मानाने यांच्यावर ते जास्त असतात. अ‍ॅड्रिनलिनचा रेणू या ग्राहीत बसला की पेशीच्या आतल्या बाजूला जी-प्रथिन जागं होतं, ते अ‍ॅडेनिलेट सायक्लेज या विकराला कामाला लावतं, आणि एटीपीपासून सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या रेणू तयार होऊ लागतो. हा निरोप पोचला की पेशीची अस्तरावरची पकड ढिली होते. त्याच वेळी हृदय जोरात चालत असल्याने रक्ताचा लोंढाही वाढलेला असतो. पकड सुटलेली पेशी प्रवाहात येते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अस्तराच्या पेशींवरही हे सुटणं दाखवून झालंय.

हे सगळं खरंच बीटा-२ मुळे होतं का, हे तपासायची रीत मला फार आवडते. स्वयंसेवकांना अ‍ॅड्रिनलिन टोचायच्या आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं, जे बीटा-१ (मुख्यतः हृदयावरचे ग्राही) आणि बीटा-२ दोन्ही अडवतं, तेव्हा एनके पेशींची वाढ थोपली. बिसोप्रोलॉल दिलं (आपल्याकडे रक्तदाबाच्या अनेक पेशंटना माहीत असलेली गोळी, जी मुख्यतः बीटा-१ अडवते), तेव्हा थोपली नाही. प्लीहा काढून टाकलेल्या माणसांतही पेशी वाढल्या, म्हणजे एकट्या प्लीहेचा तो साठा नव्हे. आणि पुढे पॅराशूटवाल्यांनाच उडीआधी अल्प्राझोलम ही चिंता कमी करणारी गोळी दिली, तरी एनके पेशी वाढल्याच. प्रोप्रॅनोलॉलने त्या थांबल्या.

तासाभरानंतरच्या घसरणीत दुसऱ्या संप्रेरकाचा, कॉर्टिसॉलचा, हात असतो. ते सावकाश येतं. पेशीच्या आत शिरून थेट जनुकांच्या कामात ढवळाढवळ करतं, म्हणून त्याचा परिणाम तासांच्या हिशेबाने चालतो. ते लिम्फोसाइट पेशींना रक्तातून अस्थिमज्जा वगैरे ठिकाणी धाडतं आणि दाह (इन्फ्लमेशन) पेटवणाऱ्या सायटोकाइनना, म्हणजे पेशींमधल्या निरोप्या प्रथिनांना, आवर घालतं. स्टिरॉइडची औषधं याच वाटेने काम करतात.

इथे एक जाता जाता. बर्फाच्या टबात बसून ‘इम्युनिटी बूस्ट’ करायचे व्हिडिओ सध्या जोरात आहेत. त्यांच्या मागे नेदरलँड्समधल्या नायमेखनचा २०१४चा एक प्रयोग असतो. त्यात विम हॉफ या थंडी सोसण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या डच माणसाच्या पद्धतीने श्वसन आणि थंडीचा सराव केलेल्या १२ निरोगी पुरुषांना, आणि सराव न केलेल्या तितक्याच जणांना, ई. कोलाय जिवाणूचं एंडोटॉक्सिन टोचलं. सराव केलेल्यांत अ‍ॅड्रिनलिन भरपूर वाढलं, आणि ताप-थंडीची लक्षणं कमी झाली. पण लक्षणं कमी झाली ती दाह पेटवणारी टीएनएफ, आयएल-६ ही सायटोकाइन कमी बनली आणि दाह शमवणारं आयएल-१० वाढलं म्हणून. म्हणजे प्रतिसाद दबला होता, ‘बूस्ट’ झाला नव्हता! शिवाय टोचलं ते जिवाणूचं विष, जिवंत जंतू नव्हे. त्यावरून संसर्ग टळतो असा निष्कर्ष निघत नाही.

दीर्घ ताणाची गोष्ट वेगळी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या सर्दी संशोधन केंद्रातल्या ३९४ निरोगी स्वयंसेवकांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या नाकात सर्दीच्या पाच विषाणूंपैकी एकेक घातला होता. सर्वांत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना सर्दी झाली, सर्वांत जास्त ताणवाल्यांत ४७ टक्क्यांना.

पण सर्दी म्हणजे तरी काय? नाक गळणं, चोंदणं हा बहुतांशी आपल्याच दाहाचा उद्योग. प्रतिकारशक्ती नुसतीच ‘कमी’ झाली असती, तर नाक कमी गळायला हवं. याचं उत्तर कोहेन यांच्या २०१२च्या अभ्यासात सापडतं. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी कॉर्टिसॉलला दाद देईनाशा झाल्या होत्या. थांबण्याची सूचना येते, पण ऐकलीच जात नाही. २७६ स्वयंसेवकांत अशांनाच सर्दी होण्याची शक्यता जास्त निघाली. आणि ७९ जणांच्या दुसऱ्या गटात, ज्यांच्या पेशी कॉर्टिसॉलला जितक्या बधिर, तितकी विषाणू शिरल्यावर त्यांच्या नाकातल्या स्रावात दाहक सायटोकाइन जास्त.