यूकेचं टीव्ही लायसन्स आणि जर्मनीचा रुंडफुंकबायट्राग: तिकडचा सल्ला इकडे चालत नाही

युरोपात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सप्टेंबर-ऑक्टोबर आला की एक फोटो हमखास पडतो, टीव्हीच्या फीचं पत्र आलंय, माझ्या रूमवर टीव्हीच नाही, काय करू. खाली लगेच दोन उत्तरं येतात, एक जण म्हणतो फाडून टाक काही होत नाही, दुसरा म्हणतो गुपचूप भर नाहीतर बँकेचं खातं गोठवतील. आणि दोघंही आपापल्या जागी बऱ्यापैकी बरोबर असतात, फक्त पहिला यूकेत लेस्टरला राहतो आणि दुसरा जर्मनीत श्टुटगार्टला. घोळ असा होतो की विचारणाऱ्याने कुठल्या देशातून विचारलंय हे कुणी बघतच नाही.

आधी फी कशाची हे नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं. यूकेत तिला टीव्ही लायसन्स म्हणतात, जर्मनीत रुंडफुंकबायट्राग, म्हणजे तिथल्या सार्वजनिक टीव्ही-रेडिओसाठीची वर्गणी.

यूकेमध्ये फी लागते ती तुम्ही काय बघता त्यावर. 2003 च्या कम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये हे आहे. कुठलंही चॅनल लाइव्ह बघत असाल किंवा रेकॉर्ड करत असाल तर लायसन्स हवं, मग ते टीव्हीवर असो, लॅपटॉपवर असो नाहीतर बसमध्ये मोबाइलवर. आणि बीबीसी आयप्लेअरवर, म्हणजे बीबीसीचे कार्यक्रम बघायच्या ॲपवर, काहीही बघत असाल, लाइव्ह असो की जुना एपिसोड, तरी हवं, हा नियम 1 सप्टेंबर 2016 पासून आला. एवढंच. नेटफ्लिक्सवर पिक्चर, यूट्यूबवर रेसिपी, झी5 वर मालिकेचा कालचा एपिसोड, डीव्हीडी, यातलं कशालाही लायसन्स लागत नाही. घरात 55 इंची टीव्ही भिंतीवर टांगलेला असला आणि त्यावर फक्त हेच बघत असाल तरी लागत नाही. एप्रिल 2025 मध्ये वर्षाची फी 174.50 पाउंड झाली होती.

आपल्या लोकांची गडबड होते ती 'लाइव्ह' मध्ये. लोकांना वाटतं बीबीसी बघत नाही म्हणजे सुटलो. तसं नाहीये. स्कायवर लाइव्ह आयपीएल बघितली, लायसन्स लागलं. एखाद्या मराठी न्यूज चॅनलचं 24 तास चालणारं लाइव्ह यूट्यूबवर लावून विसर्जन मिरवणूक बघत बसलात, तर नियमाप्रमाणे तिथेही लागतं, कारण ते चॅनल त्याच वेळी टीव्हीवरही दिसतंय, मग ते भारतातलं का असेना. उलट कुणी यूट्यूबर स्वतःच्या किचनमधून लाइव्ह पुरणपोळी करून दाखवत असेल तर ते टीव्ही चॅनल नाही, लागत नाही. आणि बीबीसीच्या रेडिओवर टेस्ट मॅचची कॉमेंटरी दिवसभर ऐका, रेडिओचं लायसन्स तिथे 1971 लाच बंद झालंय. (आपल्याकडेही रेडिओचं लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन दरवर्षी रिन्यू करावं लागायचं, 1980 च्या दशकात ते गेलं. घरातल्या आजोबांना विचारा, ते पुस्तक कदाचित अजून कपाटात सापडेल.)

जर्मनीत हा सगळा हिशोबच गैरलागू. तिथे तुम्ही काय बघता, घरात टीव्ही आहे का, जर्मन कळतं का, कुणी विचारत नाही. फी घराला लागते. आपल्याकडे सोसायटीत तळमजल्यावरचा माणूस लिफ्ट वापरत नाही तरी मेंटेनन्स भरतो ना, तसंच. एका घरामागे महिन्याला 18.36 युरो, म्हणजे वर्षाला 220 च्या वर, सहसा तीन महिन्यांचे एकदम 55.08 असे मागतात. हे 1 जानेवारी 2013 पासून असं आहे. त्याआधी गेत्स नावाची संस्था होती, फी यंत्रावर होती, माणसं दारावर येऊन विचारायची टीव्ही आहे का रेडिओ आहे का. तेव्हाचे 'दार उघडू नका, टीव्ही नाही म्हणून सांगा' वाले सल्ले आजही फिरतायत, त्यांचा आता काडीचा उपयोग नाही, पण जुने लोक नव्यांना अजूनही तेच सांगतात!

आता पत्रं. दोन्हीकडची पत्रं दिसायला भयंकर, पण आतला मामला वेगळा.

यूकेचं पत्र येतं 'टीव्ही लायसन्सिंग' च्या नावाने, ते बीबीसीचंच काम आहे, प्रत्यक्षात बरंचसं कॅपिटा नावाची कंपनी बघते. त्यांच्याकडे असतं काय तर पत्त्यांची यादी आणि कुठल्या पत्त्यावर लायसन्स नाही एवढी माहिती. तुम्ही काय बघता ते त्यांना त्या पत्रावेळी माहीत नसतं, म्हणून पाकिटावर तुमचं नावही नसतं बऱ्याचदा, 'लीगल ऑक्युपायर' असं लिहिलेलं असतं. पहिलं पत्र गोड, मग लाल अक्षरं, मग चौकशी सुरू केलीय, मग अधिकारी भेटीला येणार, असं चढत जातं. माझ्या मते ही भाषा मुद्दाम घाबरवायलाच लिहिलेली असते, पण लक्षात घ्या ते पत्र म्हणजे बिल नाही. लायसन्स लागत नसेल तर तुमचं काही देणंच नाही, थकबाकी नाही, व्याज नाही, वसुलीवाला येत नाही. नुसतं पत्र येणं म्हणजे शिक्षा नव्हे, व्हिसाचंही त्याने काही होत नाही.

मग करायचं काय, तर लायसन्स खरंच लागत नसेल तर त्यांच्या साइटवर 'लायसन्सची गरज नाही' असं डिक्लेरेशन भरा. पाच मिनिटांचं काम आहे, दोन वर्षं चालतं, पत्रं थांबतात. अधूनमधून कुणी खात्री करायला येऊ शकतो हे मात्र खरं. डिक्लेरेशन देणं कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे 'मी का सांगू' म्हणून काही लोक तत्त्वाने गप्प बसतात, त्यांचंही चुकत नाही, पण दर महिन्याला लाल पाकीट बघून रूममेटची झोप उडत असेल तर भरून टाकलेलं बरं. चुकून घाबरून लायसन्स घेऊनच टाकलं असेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागता येतात. फक्त खोटं डिक्लेरेशन देऊ नका, म्हणजे इकडे नाही म्हणायचं आणि रात्री स्कायवर मॅच, हे नको. लायसन्स न घेता बघणं तिथे गुन्हा आहे, दंड 1000 पाउंडपर्यंत होऊ शकतो, वर कोर्टाचा खर्च.

आणि एक कागद असा आहे जो फाडायचा नाही. इंग्लंड-वेल्समध्ये तुमच्या नावाने 'सिंगल जस्टिस प्रोसिजर नोटीस' आली तर ती कोर्टाची आहे, तिला 21 दिवसांत उत्तर द्यायचंच. 'ऑक्युपायर' वाली दहा पत्रं एकीकडे आणि हे एक एकीकडे.

जर्मनीत पत्र येतं कोलोनहून, बायट्रागसर्व्हिस म्हणजे फी गोळा करणाऱ्या संस्थेकडून, आणि त्यावर तुमचं नाव अगदी स्पेलिंगसकट बरोबर असतं, कारण तुम्ही अनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी, केलंत की गावाच्या ऑफिसातूनच नाव-पत्ता त्यांच्याकडे जातो. इथे गप्प बसलात तर ते तुम्हाला आपोआप खातेदार करून टाकतात, आणि राहायला आलात त्या महिन्यापासूनची फी लावतात. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ यूकेत काहीच निघत नाही, जर्मनीत 'हो' निघतो. हा एक फरक लक्षात ठेवलात तरी अर्धी डोकेदुखी वाचेल.

तिथल्या मागण्यांपैकी खरोखर चुकीच्या असतात त्या बहुतेक एकाच प्रकारच्या, एका घराची फी दोनदा. फी माणसामागे नाही, घरामागे आहे. म्हणजे वेगेमध्ये, आपल्या भाषेत शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये, चार जण राहत असतील तर एकानेच भरायची, बाकीच्यांनी आपापसात वाटून घ्यायची. पण चौघांनी अनमेल्डुंग केलेलं असतं म्हणून पत्र चौघांनाही येतं. तसंच नवरा आधीपासून तिथे नोकरीला, फी भरतोय, बायको मागाहून आली, तिने अनमेल्डुंग केलं की तिलाही पत्र. अशा वेळी उत्तरात एवढंच कळवायचं की या घराची फी आधीच भरली जातेय, आणि भरणाऱ्याचं नाव आणि त्याचा बायट्रागनंबर, म्हणजे फीच्या खात्याचा नंबर, द्यायचा. नंबर नसेल तर नुसतं 'रूममेट भरतो' म्हणून चालत नाही, त्यामुळे फ्लॅटमध्ये शिरतानाच त्याच्याकडून नंबर मागून ठेवा. आधीच दोघांनी भरले असतील तर जादाचे परतही मागता येतात.

होस्टेलमध्ये थोडं किचकट आहे. तुमची रूम सगळ्यांसाठी मोकळ्या असलेल्या कॉरिडॉरवर उघडत असेल तर प्रत्येक रूम वेगळं घर धरतात, प्रत्येकाला फी. बंद दाराच्या आत चार रूम आणि एक किचन असा फ्लॅट असेल तर चौघांत एक. 'मी स्टुडंट आहे' म्हणून माफी मिळत नाही, माफी आहे ती बाफ्योग म्हणजे तिथली सरकारी शिक्षण-मदत घेणाऱ्यांना, सरकारी निर्वाह-मदतीवर असणाऱ्यांना वगैरे, आणि आपल्याकडून गेलेल्या बहुतेकांना बाफ्योग नसतंच. नावावर दोन घरं असतील, म्हणजे घर म्युनिकला आणि नोकरीसाठी दुसरी रूम फ्रँकफर्टला, तर दुसऱ्याची फी अर्ज करून माफ होते, कारण 2018 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं की फी घरामागे घेणं ठीक आहे पण एकाच माणसाकडून दोन घरांची नको. अर्ज मात्र आपणच करायचा.

पत्रांना उत्तर दिलंच नाही आणि पैसेही भरले नाहीत तर शेवटी 'फेस्टझेट्सुंग्सबेशाइड' नावाचा कागद येतो, वर किमान 8 युरो उशिराचा आकार. हा साधा रिमाइंडर नाही, हा अधिकृत आदेश आहे आणि कोर्टात न जाता यावरूनच वसुली होते. मागणी चुकीची असेल तर हरकत घ्यायची ती याच कागदावर, एका महिन्याच्या आत, लेखी, सही करून, पोस्टाने. त्याला विडरश्प्रुख म्हणतात. साधा ईमेल चालत नाही, फोन तर नाहीच. आणि गंमत अशी की हरकत घेतली म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, थांबवा अशी वेगळी विनंती त्याच पत्रात करावी लागते. महिना उलटून गेला की ती रक्कम पक्की झाली समजा, तुमची बाजू कितीही खरी असो.

आता दारावर येणाऱ्या माणसाचं. यूकेत टीव्ही लायसन्सिंगचा माणूस आला तर त्याला घरात घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. मॅजिस्ट्रेटचं सर्च वॉरंट नसेल तर त्याला आत यायचा हक्क नाही, तुम्ही 'नको, थँक यू' म्हणून दार लावू शकता, भांडायची गरज नाही. तो विचारेल त्याला उत्तर देणं किंवा त्याच्या फॉर्मवर सही करणंही तुमच्या मर्जीचं आहे, आणि काय लिहिलंय ते न वाचता सही केली तर तोच कागद पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा होतो. जर्मनीत आता टीव्ही शोधायला कुणी येत नाही, शोधायचंच काय आहे. तिथे दारात माणूस येतो तो थेट वसुलीचा, सरकारी, आणि त्याला खातं किंवा पगार जप्त करायची वाट मोकळी असते. लंडनच्या मित्राचं ऐकून त्याला 'वॉरंट दाखव' म्हणत बसलात तर त्याने वसुली थांबत नाही.

'मी यांचे कार्यक्रम बघतच नाही' हा मुद्दा यूकेत अर्धा तरी चालतो, आयप्लेअर आणि लाइव्ह दोन्ही नाही असं असेल तर पूर्णच चालतो. जर्मनीत हा मुद्दा घेऊन लोक वर्षानुवर्षं कोर्टात जातायत. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एवढं म्हटलं की सरकारी चॅनलांच्या कार्यक्रमांत विविधतेची ढळढळीत उणीव बराच काळ चालू आहे असं दाखवता आलं तर फीवर प्रश्न येऊ शकतो, पण ते दाखवायचं म्हणजे डोंगर फोडणं आहे. तोवर हप्ता चालूच. तत्त्वासाठी लढायचं असेल तर लढा, पण पहिल्या सेमिस्टरला, भाषा येत नसताना, 55 युरोंसाठी नको असं माझं स्पष्ट मत.

शेअरिंगचं यूकेतही बघा, कारण तिथे नियम ॲग्रीमेंटवर जातो. सगळ्यांचं मिळून एक भाड्याचं ॲग्रीमेंट असेल तर घराला एक लायसन्स पुरतं, प्रत्येकाचं वेगळं असेल तर जो आपल्या रूममध्ये लाइव्ह बघतो त्याला स्वतःचं लागतं. ब्रिटिश पोरांना आईवडिलांच्या लायसन्सखाली, चार्जरला न लावलेल्या मोबाइलवर बघायची सवलत असते, आपले आईवडील नाशिकला, त्यामुळे ती आपल्याला नाही.

आणि देश सोडताना. यूकेत लायसन्स असेल तर ते रद्द करून शिल्लक महिन्यांचे पैसे मागा, नसेल तर काहीच करायचं नाही. जर्मनीत लोक गावाच्या ऑफिसात आबमेल्डुंग, म्हणजे पत्ता सोडल्याची नोंद, करतात आणि समजतात झालं. नाही झालं. बायट्रागसर्व्हिसला वेगळं कळवावं लागतं, आबमेल्डुंगच्या कागदाची कॉपी जोडून, कारण नियम असा आहे की फी बंद होते ती तुम्ही कळवलंत त्या महिन्याच्या शेवटी, आधीची तारीख लावून नाही. मार्चमध्ये पुण्याला परतलात आणि नोव्हेंबरमध्ये आठवलं तर मधल्या आठ महिन्यांची फी ते मागू शकतात, त्यामुळे सामान बांधायच्या आठवड्यातच तो फॉर्म भरा आणि त्यांचं खातं बंद झाल्याचं उत्तर मेलमध्ये जपून ठेवा.