सिडको वेगळी, महापालिका वेगळी

नवी मुंबईत नळाला पाणी आलं नाही, रस्त्यावरचा दिवा गेला की सरसकट ‘सिडकोला सांगा’ म्हणायची खोड अजून गेलेली नाही. सिडको म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ; दिघ्यापासून बेलापूरपर्यंत पाण्या-दिव्यांचा कारभार मात्र १९९२ साली स्थापन झालेल्या नवी मुंबई महापालिकेचा आहे. मोरबे धरणही तिचंच. हे एव्हाना बहुतेकांना माहीत असायला हरकत नाही.

खरा घोळ होतो घर घेताना. सिडकोने जमीन विकलेली नाही, साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली आहे. कर महापालिका घेते, जमीन सिडकोची. सिडकोने बांधलेलं घर घेणारे करारनामा नोंदवतात, मुद्रांक शुल्क भरतात, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आणि मालमत्ता कराच्या बिलावर नाव लावून घेतात आणि काम झालं समजतात. सिडकोच्या दप्तरी मात्र जुन्याच माणसाचं नाव राहतं. कराच्या बिलावरचं नाव म्हणजे कर कोणाकडून वसूल करायचा त्याची नोंद. त्याला मालकीचा पुरावा म्हणणाऱ्या एजंटाचं पुढचं काही ऐकू नका.

हे उघडकीला येतं पुढच्या विक्रीत, कर्ज काढताना किंवा पुनर्विकासाच्या वेळी. तोवर मूळ माणूस वारलेला असला, तर त्याच्या सगळ्या वारसांना गाठून सह्या घ्याव्या लागतात. नुसत्या मुखत्यारपत्रावर हातोहात फिरलेल्या घरांचे हाल तर विचारू नका.

म्हणून बयाणा देण्याआधी विक्रेत्याकडे मूळ अ‍ॅलॉटमेंट लेटर, सिडकोबरोबरचा करारनामा आणि आजवरच्या प्रत्येक विक्रीचं सिडकोचं ट्रान्सफरपत्र (सिडकोच्या दप्तरी नाव बदलल्याचं पत्र) मागा. एकही कमी असेल तर आधी ते त्याने करून आणावं. सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस कोण भरणार, तेही करारातच लिहा. तोंडी ठरलं की भांडण ठरलेलं. इमारत खासगी बिल्डरची असेल तर लीज डीड, म्हणजे जमिनीच्या भाडेपट्ट्याचा दस्त, सोसायटीच्या नावावर झालं आहे की अजून बिल्डरच्याच, ते बघा.

पुनर्विकासाला दोन्हींच्या पायऱ्या चढाव्या लागतात: बांधकाम परवानगी महापालिकेची, एनओसी (ना हरकत दाखला) सिडकोची.

आणि हो, खारघर नवी मुंबई महापालिकेत नाही. तिथे एनएमएमटीची, म्हणजे नवी मुंबई महापालिकेची, बस येते, एवढ्यावरून लोक तसं ठरवून टाकतात. खारघर, कामोठे, कळंबोली २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत. कचरा तिच्याकडे, पाण्यासाठी मात्र सिडकोच गाठावी लागते. उलव्यात तर महापालिकाच नाही; तिथे ‘सिडकोला सांगा’ हेच बरोबर.