शेजारी जाऊन बसलेला स्वर आणि बिऱ्हाड हलवलेला स्वर

पियानोचं नोटेशन लिहिताना दोन कृतींमध्ये हमखास गल्लत होते. एक म्हणजे स्वर दुसऱ्या स्टाफवर (स्वर लिहायच्या पाच रेषांच्या पट्ट्यावर; पियानोसाठी असे दोन असतात, वरचा आणि खालचा) ‘क्रॉस’ करणं आणि दुसरी म्हणजे तो दुसऱ्या स्टाफवर ‘हलवणं’. दोन्हीनंतर स्वराचा गोळा पडद्यावर जवळपास त्याच जागी दिसतो. म्हणूनच घोळ लगेच लक्षात येत नाही, पुढे कधीतरी अडचण होते तेव्हा कळतो.

क्रॉस केलेला स्वर शेजारच्या स्टाफवर फक्त जाऊन बसतो. त्याची व्हॉइस (सलग चालणारी स्वरांची एक ओळ), त्याचा काळ, त्याचा बीम (स्वरांना जोडणारी जाड रेघ), सगळं मूळ स्टाफकडेच राहतं. हलवलेला स्वर मात्र बिऱ्हाडच नेतो. मूळ स्टाफवर त्याच्या जागी पोकळी राहते आणि तिथे रेस्ट, म्हणजे शांततेचं चिन्ह, येऊन बसतो. डोरिको या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन आज्ञा अगदी शेजारी आहेत. नुसता ‘एम’ दाबला की स्वर खालच्या स्टाफवर क्रॉस होतो, ‘ऑल्ट’ धरून ‘एम’ दाबला की खरंच हलतो. वर न्यायचं असेल तर ‘एम’ऐवजी ‘एन’. एका बोटाचा फरक, त्यामुळे घाईत चुकणं साहजिक आहे. म्यूझस्कोअर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉस करण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट धरून खालचा किंवा वरचा बाण दाबायचा. खरंच हलवायचं असेल तर कट करून दुसऱ्या स्टाफवर पेस्ट.

एक बार (तालाचा एक खण) घेऊन बघू. चार-चार ताल, म्हणजे बारमध्ये चार मात्रा, आणि प्रत्येक मात्रेत चार सिक्स्टीन्थ (पाव मात्रेचे) स्वर. मध्य सीच्या खालच्या सप्तकातले सी आणि जी, मग वरचा ई आणि त्याच्या वरचा सी. पहिले दोन डाव्या हाताचे, पुढचे दोन उजव्या हाताचे, पण कानाला एकच सलग लाट ऐकू यायला हवी.

नवखा माणूस काय करतो? सी-जी खालच्या स्टाफवर लिहितो, ई-सी वरच्या स्टाफवर. आता खाली दर मात्रेच्या उत्तरार्धात एक एट्थ (अर्ध्या मात्रेचा) रेस्ट, वर दर मात्रेच्या पूर्वार्धात एक. एका बारमध्ये आठ रेस्ट! ते एकेक करून लपवले तरी बीम जोडला जात नाही. चार बीम हवे होते तिथे दोन-दोन स्वरांचे आठ तुकडे उरतात, आणि वाजवणाऱ्याला लाटेऐवजी उचक्या दिसतात. काही जण मग रेषेचं साधन घेऊन बीम हाताने काढतात. तसं करू नका. पानाची मांडणी जरा सरकली की ती रेष हवेत तरंगत राहते.

क्रॉसची पद्धत उलट आहे. सोळाही स्वर आधी वरच्या स्टाफवर, एकाच व्हॉइसमध्ये लिहायचे. काही क्षण पान भयानक दिसतं, कारण खालचा सी चार लेजर लाईनींच्याही (स्टाफबाहेरच्या छोट्या जादा रेषांच्याही) खाली लोंबकळत असतो. घाबरायचं नाही. प्रत्येक मात्रेतले पहिले दोन स्वर निवडा, खाली क्रॉस करा, की ते बास क्लेफप्रमाणे (खालच्या स्टाफवर स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या चिन्हाप्रमाणे) आपापल्या जागी जाऊन बसतात. बीम अखंड राहतो. तो दोन स्टाफच्या मधोमध हवा असेल तर खालच्या स्वरांच्या स्टेम (गोळ्याच्या उभ्या दांड्या) वर आणि वरच्यांच्या खाली हव्यात. सॉफ्टवेअरने आपणहून तसं केलं नाही तर स्टेम उलटवा. दोन स्टाफमधलं अंतरही थोडं वाढवावं लागतं, नाहीतर मधला बीम आणि डायनॅमिक्सची (आवाज लहान-मोठा करण्याची) चिन्हं एकमेकांवर चढतात.

खालचा स्टाफ मुळात रिकामाच असल्याने तिथे पूर्ण बारचा एक रेस्ट शिल्लक राहतो, नेमका पाहुण्या स्वरांच्या अंगावर. तो लपवायचा. आठऐवजी एक, एवढी तडजोड चालते.

अॅक्सिडेंटल्सकडे, म्हणजे स्वर चढवण्या-उतरवण्याच्या चिन्हांकडे, मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. वाचणारा माणूस स्वर ज्या स्टाफवर दिसतो तिथलेच शार्प-फ्लॅट धरून वाचतो, स्वर कोणाच्या मालकीचा हे त्याला कुठे ठाऊक? खालच्या स्टाफवर डाव्या हाताचा एफ शार्प आधी येऊन गेला असेल आणि त्याच बारमध्ये त्याच सप्तकातला साधा एफ वरून क्रॉस होऊन आला, तर त्याला नॅचरल, म्हणजे शार्प रद्द करणारी खूण, हवाच.

मग हलवायचं केव्हा? सुरावट खरोखरच दुसऱ्या हाताकडे सोपवली जात असेल आणि मूळ हात दुसरं काही वाजवू लागला असेल तेव्हा. किंवा, खरं सांगायचं तर बहुतेक वेळा, चुकून भलत्या स्टाफवर टाइप झालं असेल तेव्हा. हाताचा प्रश्न मात्र क्रॉसने आपोआप सुटतो असं नाही. स्टाफ आणि स्टेम पाहून हात उमगत नसेल तर डाव्या हातासाठी ‘एम. एस.’, उजव्यासाठी ‘एम. डी.’ असं लिहावं.

म्यूझिकएक्सएमएल या, एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नोटेशन नेण्याच्या फाइलप्रकारात हा फरक अगदी उघडा दिसतो. तिथे स्वरासोबत व्हॉइसचा आकडा वेगळा आणि स्टाफचा आकडा वेगळा लिहिता येतो. क्रॉस केल्यावर फक्त स्टाफचा आकडा बदलतो, हलवल्यावर सहसा दोन्ही. फिनाले या नोटेशनच्या सॉफ्टवेअरचा विकास थांबल्याचं ऑगस्ट २०२४मध्ये जाहीर झालं, तेव्हापासून जुनी कामं याच मार्गाने दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली जात आहेत. मूळ फाइलमध्ये लपवलेले रेस्ट असतील तर नव्या घरी ते पुन्हा डोकं वर काढू शकतात.

एका मित्राची अशीच फाइल माझ्याकडे आली होती, छापून पाहिली तर देखणी. गायिकेसाठी उजव्या हाताची सुरावट एक स्वर वर न्यायची होती. वरचा स्टाफ निवडला, ट्रान्सपोज केलं, आणि प्रत्येक लाटेचा वरचा अर्धा भाग वर गेला, खालचा जागच्या जागी राहिला. तेव्हापासून कोणाचीही फाइल आली की आधी वरच्या स्टाफचा एक बार कॉपी करून कोऱ्या जागी पेस्ट करून बघतो. खालचे स्वर सोबत आले तर ते पाहुणे. नाही आले तर चहा बाजूला ठेवून सगळं पुन्हा लिहायला बसतो.