मागच्या महिन्यातलं यकृत

नौपाड्यातल्या माझ्या मावशीच्या यकृतात गाठ निघाली. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टरांनी संगणकावर तिचा सीटी स्कॅन फिरवून दाखवला: तपकिरी यकृत, निळ्या शिरा, त्यांच्या बेचक्यात पिवळी गाठ. मावशीने चष्मा सावरत विचारलं, "डॉक्टर, हा फोटो मागच्या महिन्यातला ना? मग आत गेल्यावर गाठ तिथेच सापडेल का?"

आधीच्या स्कॅनवरून सर्जनला आत वाट दाखवायच्या शास्त्रातला सगळ्यात अवघड प्रश्न तिने विचारला होता.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटावर सेंटीमीटरभराची चार-पाच भोकं पाडून कॅमेरा आणि हत्यारं आत सोडतात. कॅमेऱ्याला दिसतो तो यकृताचा फक्त वरचा भाग. पोट उघडलं तर सर्जन बोटांनी चाचपून गाठ शोधू शकतो. इथे ती सोय नाही. म्हणून आधीच्या स्कॅनचा नकाशा कॅमेऱ्याच्या चित्रावर बसवायचा आणि हत्यार नेमकं कुठे पोहोचलं ते पडद्यावर पाहायचं. मेंदूच्या शस्त्रक्रियेत हे बऱ्याच वर्षांपासून चालतं, कारण कवटी हलत नाही. पोटात तसा आधारच नाही.

त्यातून जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण 12 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. पोट तंबूसारखं वर उचललं जातं आणि यकृताचा आकार बदलतो. यकृताला जागेवर धरून ठेवणारे बंध कापले की ते कलतं. श्वासागणिक सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर खालीवर होतं ते वेगळंच. गोधडीवर टाक्यांनी नकाशा काढावा आणि कुणी तिचं टोक ओढावं, तशी गत. संगणक यकृताची कड, पित्ताशयाची जागा अशा खुणा जुळवून नकाशा वाकवतो खरा. पण वरच्या खुणा जुळल्या म्हणजे आतली गाठ जुळलीच असं नाही. त्या दिवशी परतताना आमची रिक्षा तीन हात नाक्याला पुलाखाली होती आणि फोन आम्हाला पुलावर दाखवत होता. खोलीचा घोळ तो हाच. पडद्यावरचं चित्र फार सुबक असतं, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते.

यावर सर्जन ताजे पुरावे मागतात. मला सर्वांत लोभस वाटतो तो इंडोसायनिन ग्रीन या रंगद्रव्याचा उपाय. फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लोद क्विनो यांनी 1957 मध्ये यकृताचे रक्तपुरवठ्यानुसार 8 भाग मांडले. त्यातल्या काढायच्या भागाचा रक्तपुरवठा आधी बंद करतात, मग हे द्रव्य शिरेतून देतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात ते चमकतं, कॅमेरा ती चमक पडद्यावर हिरवी करून दाखवतो. सगळं यकृत हिरवं, काढायचा भाग तेवढा काळोखा! त्याची हद्द त्या क्षणाची, त्या यकृताची. मात्र ही चमक जेमतेम सेंटीमीटरभर खोलीवरूनच दिसते. त्याखाली सोनोग्राफी. तिची बारीक कांडी त्याच भोकातून आत नेऊन थेट यकृतावर टेकवतात.

डॉक्टरांनी मावशीला सरळच सांगितलं, "तिथेच नसणार, काकू. थोडी सरकलेली असेल. म्हणून कापण्याआधी आत पुन्हा सोनोग्राफी करणार." मग तिने संमतीपत्रावर सही केली.