कॉलेज-कंपनी भागीदारीचं डेटावरून मूल्यमापन

कॉलेज आणि कंपनी यांच्यातले करार, इंटर्नशिप, प्रोजेक्ट, प्लेसमेंट यातून पोरांच्या हाती खरंच काय लागलं हे नोंदींवरून तपासायची पद्धत. सातपूर, अंबड, सिन्नरच्या एमआयडीसी आणि ओझरचा एचएएलचा विमान कारखाना जवळ असल्यामुळे नाशिकच्या इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक आणि आयटीआयवाल्यांना हा विषय रोजचाच.

शिकणं आणि कारखान्यातलं काम आलटून पालटून, ही पद्धत पहिल्यांदा कुठं सुरू झाली यावर एकमत नाही. अमेरिकन लेखक सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ ला हर्मन श्नायडर यांनी सुरू केलेल्या को-ऑप कोर्सला मान देतात, ब्रिटिश लेखक संडरलंड टेक्निकल कॉलेजचा साधारण १९०३ चा सँडविच कोर्स पुढे करतात. तारखेनं संडरलंड आधीचं दिसतं, पण को-ऑप या नावानं जे पसरलं त्याचं मूळ सिनसिनाटीत धरणंच जास्त पटतं. मोजमाप मात्र बरंच उशिरा आलं.

भारतात अप्रेंटिस कायदा १९६१ चा. कॉलेजांना दर्जा देणारी नॅक ही संस्था मागच्या पाच वर्षांतले चालू करार विचारत आली आहे, तर एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये (पहिली यादी २०१६) प्लेसमेंट आणि पगाराचा मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारा पगार) धरतात.

खरी गोम छेदात, म्हणजे टक्केवारी किती पोरांपैकी काढली यात असते. समजा वर्गात १२० पोरं आहेत, त्यातली बॅकलॉग (राहिलेले विषय) नसलेली ८० च 'एलिजिबल' धरली आणि ६० जणांना नोकरी लागली, तर प्लेसमेंट ७५ टक्के, सगळा वर्ग धरला तर ५०. शिवाय एकाच पोराला दोन ऑफर आल्या की काही ठिकाणी दोन्ही मोजतात. म्हणून प्लेसमेंट सेलच्या एक्सेलमध्ये ऑफर लेटरच्या तारखेशेजारी जॉइनिंगची तारीख हवी आणि वर्षभरानं तो तिथंच आहे का हाही कॉलम हवाच, त्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये. करारांचंही तसंच, स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या पण वर्षभरात एकही पोरगा कंपनीत गेला नाही तर तो करार चालू म्हणून धरू नये.

नाशिकचे बरेच छोटे कारखाने गाड्यांचे पार्ट बनवतात, त्यामुळे गाड्यांची मागणी पडली की इंटर्नशिपही कमी होतात आणि एकाच वर्षाच्या आकड्यावरून कॉलेजला दोष देणं चुकीचं ठरतं, तीन-चार वर्षं सोबत बघावीत. दुसरं, अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ओळखीनं दोन-तीन पोरं शिकून जातात, करार नसतो, फार तर लेटरहेडवरचं सर्टिफिकेट मिळतं, ते फाइलला लागलं नाही तर हे शिक्षण कुठल्याच तक्त्यात येत नाही.