बंद पंपाखालून पेट्रोल गेलं कुठं?

"पान्याले घासलेटचा वास येऊन रायला, भाऊ." विदर्भातल्या खेड्यात अशी चौकशी सुरू होते ती बहुधा याच एका वाक्यानं. फाट्यावरचा पंप बंद होऊन दहा-बारा वर्षं झालेली असतात. मशिनी उचलून नेलेल्या, पत्रे गायब, ओट्याच्या फटीतून बाभूळ वर आलेली. जमिनीखालच्या टाक्या काढल्या की तशाच बुजवल्या, याबद्दल गावात दोन माणसं तीन गोष्टी सांगतात. आणि शेजारच्या वावरातल्या विहिरीच्या पाण्याला बैल तोंड लावत नाहीत.

गळतीसाठी टाकी फुटावीच लागते असं नाही. पाइपच्या एखाद्या सांध्यातून सेकंदाला एक थेंब पडला, तरी दिवसाला साधारण चार लिटर होतात आणि वर्षाला दीड हजार. वीस हजार लिटरच्या टाकीत रोज डिप मारणाऱ्याला, म्हणजे दांडी बुडवून पातळी मोजणाऱ्याला, हे चार लिटर दिसतच नाहीत, कारण दांडीवर अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडत नाही. पेट्रोल गरम होऊन फुगतं, थंडीत आकसतं, त्या हिशेबात ही गळती खपून जाते.

आता पाण्याचा हिशेब. पेट्रोल हे शेकडो रसायनांचं मिश्रण आहे, पण तपासणाऱ्याचा पहिला डोळा असतो बेंझीनवर. ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं आणि त्यानं रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त एक टक्का चालतं, म्हणजे लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम. तेवढं सगळं विरघळलं तर जवळजवळ नऊ लाख लिटर पाणी मर्यादेला टेकेल. वीस फूट रुंद आणि पंधरा फूट पाणी असलेल्या सहा विहिरी भरतील एवढं ते पाणी. हे कागदावरचं गणित झालं, प्रत्यक्षात बरंच बेंझीन उडून जातं. पण नुसतं बेंझीन नाकाला कळायला ते मर्यादेच्या शेकडो पट असावं लागतं. वास नाही म्हणजे पाणी चांगलं, हा समज म्हणूनच सोडावा लागतो.

तपास सुरू होतो कागदांपासून. पंपाच्या परवान्यासोबत मंजूर नकाशा असतो आणि ते परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपुरातच आहे. पण नकाशापेक्षा मला पंपावर काम केलेला म्हातारा जास्त कामाचा वाटतो. टँकरचा पाइप कुठं जोडायचे, कुठं रोज थोडं सांडायचं, कोणत्या पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं होतं, हे तोच सांगतो.

मग ऑगर, म्हणजे हातानं फिरवायचा गिरमिट. पहिले चार-सहा फूट काळी माती येते, चिकट, पात्याला धरून बसणारी. प्रत्येक फुटाची माती पिशवीत बंद करून थोडी उन्हात ठेवायची आणि पेट्रोलची वाफ मोजणाऱ्या वायुमापकाची नळी आत खुपसून आकडा बघायचा. इथंच काळी माती फसवते. ओली असताना ती इतकी घट्ट की पेट्रोल मुरायला वेळ लागावा. मे महिन्यात मात्र तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पेट्रोल थेट मुरमात उतरतं. वरच्या मातीचा आकडा स्वच्छ, खाली सगळी घाण. शिवाय टाकीसाठी खणलेला खड्डा वाळू-मुरमानं भरलेला असतो. पावसाळ्यात तो परातीसारखा पाण्यानं भरतो, पेट्रोल वर तरंगतं आणि पाइपांच्या चरातून बाहेर वाट काढतं.

मुरमाखाली पश्चिम विदर्भात बहुतेक ठिकाणी बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पुस्तकातल्या चित्रात प्रदूषण वाळूतून पिसासारखं पसरत जातं. बेसाल्टमध्ये पाणी चालतं ते तडांमधून आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या सांध्यातून. त्यामुळे पन्नास फुटांवरची विहीर निर्मळ आणि तीनशे फुटांवरची बिघडलेली, असं होऊ शकतं. वरुड-मोर्शीकडं संत्र्याच्या बागांसाठी शेकडो फूट खोल बोअर मारलेत. बोअरला केसिंग, म्हणजे कडेनं बसवलेला पाइप, असतं ते वरच्या मुरमापुरतं, खाली उघडा खडक. असा बोअर वरचं घाण पाणी खालच्या थरात नेऊन सोडणारी आयती नळी होतो.

म्हणून पंपाभोवती निदान तीन निरीक्षण विहिरी, म्हणजे फक्त तपासणीसाठीच्या विहिरी, घेतात. तिन्हींतली पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या हिशेबानं मोजली की जमिनीखालच्या पाण्याचा उतार कोणीकडं आहे ते कळतं. हरभऱ्याला पाणी देताना शेजारची पाच एचपीची मोटर चालू झाली की तो उतार फिरतोही. शेतातल्या मोठ्या विहिरीचा नमुना एकटा पुरत नाही, कारण उघड्या पाण्यातून बेंझीन उडून गेलेलं असतं. नमुन्याची बाटली इवलीशी, ४० मिलिलिटरची. काठोकाठ भरून, वर पाण्याचा फुगवटा आला की झाकण लावायचं, उलटी करायची, टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर बाटली बाद, कारण बेंझीन त्या बुडबुड्यात जाऊन बसतं. मग बर्फात ठेवून प्रयोगशाळेत.

मला सगळ्यात आवडतो तो पुरावा मात्र बेंझीनचा नाही. जमिनीतले जिवाणू पेट्रोल खातात. आधी पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग मातीतल्या लोहाकडं वळतात. कपाशीला टाकलेल्या युरियामुळे आसपासच्या विहिरींत नायट्रेट सापडतं. नेमकं पंपाच्या उताराकडच्या विहिरीत ते नसेल आणि तिथलं पाणी बादलीत ठेवल्यावर लोहामुळे तांबूस होत असेल, तर जिवाणूंचं जेवण तिथंच चाललंय असं समजा. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर जिवाणू आधी त्यावर तुटून पडतात. बेंझीन ताटात तसंच राहतं आणि लांब जातं.

राहिला ऋतू. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली जाते तसं तरंगणारं पेट्रोलही खाली उतरतं आणि वाटेतल्या मुरमाला, तडांना माखत जातं. पावसानंतर पाणी चढतं, ते माखलेलं पेट्रोल पाण्याखाली अडकून पडतं आणि हळूहळू विरघळत राहतं. मेमध्ये निरीक्षण विहिरीत तवंग दिसतो, ऑक्टोबरात तो गेलेला असतो आणि गाव म्हणतं, पाणी सुधारलं. म्हणून अहवाल हातात आला की मी आधी नमुन्याची तारीख बघतो आणि त्या दिवशी पाणी किती फुटांवर होतं ते. बेंझीनचा आकडा त्यानंतर.