पेट्रोल वाचवणाऱ्या डब्या आणि बाटल्या: शंभर वर्षांची पार्श्वभूमी

‘इंजिनात इंधन पूर्ण जळत नाही, म्हणून ॲव्हरेज पडतं.’ गाडीचं पेट्रोल वाचवून देतो म्हणणाऱ्या बहुतेक वस्तूंच्या जाहिरातींचा पाया हे एकच वाक्य आहे. पेट्रोलच्या नळीला बांधायचं चुंबक, हवेच्या पाइपात बसवायची फिरकी, टाकीत टाकायची गोळी किंवा बाटली, सिगारेट लायटरच्या जागी खोचायचा दिवा, डॅशबोर्डखालच्या सॉकेटात लावायची डबी. रूप बदलत गेलं, वाक्य तेच राहिलं. आजच्या गाडीबाबत ते साफ चुकीचं आहे. पण एके काळी त्यात थोडं तथ्य होतं आणि लोकांचा विश्वास त्या काळापासून टिकून आहे.

आधी इंजिनाचा हिशेब पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३.२ कोटी ज्यूल ऊर्जा असते. धडधाकट, गरम झालेल्या आधुनिक इंजिनात आत गेलेल्या पेट्रोलपैकी सुमारे ९७-९८ टक्के जळतं. चाकांपर्यंत मात्र त्यातली पाव हिश्श्याच्या आसपास ऊर्जा पोचते. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून निघून जाते, काही घर्षणात आणि हवा ओढण्यात खर्च होते. म्हणजे नुकसान मोठं आहे, पण ते न जळलेल्या पेट्रोलचं नाही. समजा वीस टक्के पेट्रोल खरंच न जळता बाहेर पडत असतं, तर ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातल्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात जाऊन जळलं असतं आणि कन्व्हर्टर लालबुंद होऊन आतून वितळला असता. तेव्हा ‘पूर्ण ज्वलना’तून वीस-तीस टक्के बचत होईल असं कोणी सांगत असेल, तर ती बचत काढायला तिथे जागाच नाही.

जुन्या गाड्यांचं तसं नव्हतं. कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी असो की अँबॅसडर, कार्ब्युरेटर नावाचं एक यंत्र अंदाजाने पेट्रोल आणि हवा मिसळत असे. जेट झिजायचं, फ्लोटची पातळी बदलायची, चोक अडकायचा, एअर फिल्टर चोंदायचा. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की धूर काळा आणि ॲव्हरेज कमी. अशा गाडीला चांगला मिस्त्री भेटला, त्याने स्क्रू फिरवून ट्युनिंग केलं, प्लगची गॅप नीट केली, तर लिटरमागे खरोखर एक-दोन किलोमीटर वाढायचे. मिश्रणात जादा हवा सोडणारे छोटे व्हॉल्व्हही त्या काळी विकले जात. पेट्रोल जास्त खाणाऱ्या गाडीत त्यांचा किंचित उपयोग व्हायचा, बदल्यात पिकअप जायचा आणि इंजिन अडखळायचं. ज्यांनी हे अनुभवलं त्यांना ‘एखादा जुगाड ॲव्हरेज वाढवू शकतो’ असं वाटणं स्वाभाविक होतं.

याच कार्ब्युरेटरभोवती सगळ्यात चिवट दंतकथा वाढली. कॅनडातल्या विनिपेगचा चार्ल्स नेल्सन पोग याने १९३० ते १९३५ या काळात अमेरिकेत तीन पेटंटं मिळवली. पेट्रोल इंजिनात जाण्याआधीच त्याची पूर्ण वाफ करायची, ही त्याची कल्पना. त्याची गाडी गॅलनला २०० मैलांच्या वर जाते, असे आकडे त्या वेळी छापून आले. कॅनडातला गॅलन धरला तर हे लिटरला ७० किलोमीटर होतात. पुढे हे यंत्र कधी बाजारात दिसलं नाही आणि ‘तेल कंपन्यांनी दाबून टाकलं’ ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाऊ लागली.

हा आकडा आपण घरी बसून तपासू शकतो. त्या काळची साधारण अकरा-बाराशे किलोची, चौकोनी तोंडाची मोटार सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने चालवली, तर टायर आणि हवा मिळून ढोबळमानाने ४०० न्यूटन विरोध करतात. ३.२ कोटी ज्यूलला ४०० ने भागलं की ८०,००० मीटर येतात, म्हणजे ८० किलोमीटर. पण ही झाली इंजिनाने एक ज्यूलही उष्णतेत घालवला नाही तरची कमाल. रेडिएटर थंड आणि सायलेन्सर गार असायला हवा. असं इंजिन निसर्गनियमांत बसत नाही, मग पेट्रोलची वाफ करा नाहीतर धुकं करा. शिवाय पेटंट म्हणजे ॲव्हरेजचं प्रमाणपत्र नव्हे. पेटंट कार्यालय कल्पना नवी आहे का ते पाहतं, गाडी चालवून बघत नाही. पोगच्या पेटंटांची मुदत पन्नाशीच्या दशकातच संपली. तेव्हापासून ती आकृत्यांसकट सगळ्या जगाला खुली आहेत.

ज्याने खरोखर क्रांती केली असं इंधनातलं एक मिश्रण मात्र इतिहासात आहे आणि त्याचा विसर पडू नये. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतल्या डेटन इथे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांना आढळलं की टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग अगदी थोडं मिसळलं तरी इंजिनाचं नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक थांबते. पेट्रोलचं ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याची क्षमता, वाढल्यामुळे मिश्रण जास्त दाबणारी (जास्त कॉम्प्रेशनची), म्हणजेच जास्त कार्यक्षम इंजिनं बनवता आली. फायदा मिळाला तो अशा नव्या इंजिनांमुळे, नुसत्या थेंबांमुळे नव्हे. हा बारकावा आजही कामाचा आहे. ९५ किंवा १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल ९१ ऑक्टेनसाठी बनवलेल्या साध्या गाडीत भरून ॲव्हरेज वाढत नाही, कारण इंजिनाचं कॉम्प्रेशन जिथल्या तिथेच असतं.

त्या शोधाची किंमत भयंकर होती. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात शिशाच्या विषबाधेने कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. विक्री काही काळ थांबली, पण १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. भारतात शिसेमुक्त पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांपासून सुरू झालं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर सक्तीचं झालं. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये शिसं बंद केलं. तोवर कित्येक पिढ्यांच्या मुलांच्या रक्तात शिसं गेलं. ‘बाटलीभर काहीतरी टाका, काय बिघडतंय?’ हे वाक्य ऐकलं की मला हा इतिहास आठवतो. आपण टाकीत ओततो ते शेवटी सायलेन्सरमधून रस्त्यावरच्या माणसांच्या छातीत जातं.

या यंत्रांबद्दल आज ज्या शंका घेतल्या जातात, त्यांना भक्कम पाया मिळाला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर. अरब देशांनी तेल रोखलं, कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला आणि अमेरिकेत बचतीच्या यंत्रांचं पेव फुटलं. १९७५ च्या ऊर्जा कायद्याने तिथल्या पर्यावरण संस्थेवर, ईपीएवर, अशा यंत्रांच्या दाव्यांचं मूल्यमापन करण्याची जबाबदारी टाकली. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या प्रयोगशाळेत गाड्या रोलरवर चढवून यंत्रासह आणि यंत्राविना मोजणी होऊ लागली. पुढच्या काळात शंभरावर वस्तूंचं मूल्यमापन झालं. लक्षात घेण्याजोगी बचत करणारी एकही निघाली नाही. ज्या मोजक्या वस्तूंनी थोडाफार फरक दाखवला, त्यांत एक्सलरेटर दाबताना एसीचा कॉम्प्रेसर क्षणभर बंद करणारा स्विच होता. म्हणजे बटण हाताने बंद केलं असतं तरी तेच झालं असतं. काही वस्तूंनी धूर मात्र वाढवला.

तरीही बाजार थांबला नाही, कारण खोटं पाडायला जितका वेळ लागतो त्याहून नवं नाव द्यायला कमी लागतो. चुंबकांचंच घ्या. पेट्रोलमधले हायड्रोकार्बन रेणू नळीवरच्या चुंबकाला व्यवहारात दाद देत नाहीत, तरी हा माल दर दशकात नव्या वेष्टनात येतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाला २००४ मध्ये ‘फ्युएलमॅक्स’ नावाच्या अशाच चुंबकाविरुद्ध कोर्टात जावं लागलं. त्याहून मोठं प्रकरण ऑस्ट्रेलियातल्या फायरपॉवर कंपनीचं. टाकीत टाकायची एक गोळी, एवढ्या भांडवलावर टिम जॉन्स्टन या माणसाने गुंतवणूकदारांकडून सुमारे १० कोटी डॉलर उभे केले, व्यावसायिक खेळांच्या संघांना प्रायोजकत्व दिलं, मंत्र्यांसोबत फोटो काढले. पत्रकार गेरार्ड रायल यांनी २००७ पासून चाचणीचे कागद कुठे आहेत असं विचारायला सुरुवात केली. २००८ मध्ये कंपनी बुडाली आणि सामान्य लोकांची पुंजी गेली.

आपल्याकडे हाच खेळ १९९६ मध्ये देशाने पाहिला. तमिळनाडूतल्या रामर पिल्लैने पाण्यात वनस्पती उकळून पेट्रोल तयार करून दाखवलं आणि दिल्लीपर्यंत बडी माणसं भारावून गेली. पेच सुटला तो ढवळायच्या दांडीपाशी. दांडी पोकळ होती आणि आत आधीच भरलेलं इंधन मेणाने बंद केलेलं होतं. गरम पाण्यात मेण वितळलं की पेट्रोल वर तरंगायचं. दांडी तपासणाऱ्यांची असली की काहीच घडत नसे. तरी त्यानंतर त्याने ‘हर्बल पेट्रोल’ विकलं. सीबीआयच्या तपासात ते टोल्यूइन, नॅफ्था अशा रसायनांचं मिश्रण निघालं. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. प्रयोगापासून शिक्षेपर्यंत वीस वर्षं गेली.

पाण्यावर किंवा पाण्यातून काढलेल्या वायूवर गाडी चालवण्याचा दावा याच घराण्यातला. ओहायोतल्या स्टॅनली मायरला १९९६ मध्ये न्यायालयाने फसवणुकीबद्दल गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. २०१२ मध्ये पाकिस्तानात आगा वकार अहमदच्या ‘वॉटर किट’ने मंत्री आणि टीव्हीचे निवेदक भारावले. परवेझ हूदभॉय यांच्यासारखे मोजके भौतिकशास्त्रज्ञ त्याविरुद्ध उभे राहिले. आज ‘एचएचओ किट’ म्हणून विकतात तेही हेच: गाडीच्या विजेवर पाण्याचं विघटन करून निघालेला हायड्रोजन-ऑक्सिजन वायू इंजिनात सोडायचा. इंजिन पेट्रोलच्या उष्णतेतला तिसरा हिस्सा कामात आणतं असं उदारपणे धरू. अल्टरनेटर त्याची साधारण ६० टक्के वीज करतो, पाण्याचं विघटन करताना त्यातले ६०-७० टक्के वायूत उतरतात. गुणाकार केला की पेट्रोलच्या शंभर पैशांतले बारा-चौदा पैसे वायूच्या रूपात हाती येतात. तो वायू पुन्हा त्याच इंजिनात जाळायचा. हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

कार्ब्युरेटर गेले, एमपीएफआय, म्हणजे संगणकाने मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली, तेव्हा जुने जुगाड निकामी झाले. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर सतत मिश्रण मोजतो. तुम्ही कुठूनही जादा हवा सोडली की संगणक तेवढं पेट्रोल वाढवून हिशेब जुळवतो. मग विक्रेत्यांनी संगणकाचीच भाषा उचलली. डॅशबोर्डखालच्या डायग्नोस्टिक सॉकेटात (मिस्त्री गाडीचा संगणक तपासायला वापरतात त्यात) लावायची, ‘ड्रायव्हिंग शिकून’ पेट्रोल वाचवणारी डबी ऑनलाइन बाजारात काहीशे रुपयांना मिळते. फ्रान्समधल्या सुरक्षा संशोधकांनी तशी एक डबी उघडली. आत एक छोटा मायक्रोकंट्रोलर, एक बटण आणि काही एलईडी होते. गाडीच्या संगणकाशी बोलायला जी चिप लागते ती नव्हतीच. डबी लावल्यावर गाडीच्या वायरिंगमधून एकही नवा संदेश गेला नाही. दिवे तेवढे लुकलुकत होते.

मग ‘मला फरक पडला’ म्हणणारे इतके प्रामाणिक लोक कसे भेटतात? टाकी फुल करून मोजताना पंपाचा नोझल कधी लवकर बंद होतो, कधी उशिरा. वीस लिटरमागे एक लिटर इकडे-तिकडे झालं तरी आकड्यात पाच टक्क्यांची चूक आली. पैसे मोजून यंत्र बसवलेला माणूस पाय हलका ठेवतो, चाकांत हवा तपासतो. ॲव्हरेज फारच पडलं तेव्हाच माणूस यंत्राकडे वळतो आणि त्यानंतर ते आपोआपही सावरतं. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या ‘एआरएआय’ या वाहन-चाचणी संस्थेत गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवतात, धूर पिशव्यांत गोळा करून त्यातल्या कार्बनवरून इंधन मोजतात. या साऱ्या खटाटोपाचं कारण हेच आहे. कोणी चाचणीचा कागद दाखवला तर तो मायलेजचा आहे की नुसत्या प्रदूषणाचा किंवा सुरक्षिततेचा, आणि गाडी यंत्राविना तशीच मोजली होती का, हे विचारायलाच हवं. रिक्षावाल्याच्या आणि टेम्पोवाल्याच्या दिवसाच्या कमाईतून हे पैसे जातात, म्हणून मला या प्रश्नांचा आग्रह धरावासा वाटतो.

सध्या नवं निमित्त आहे ते ई-२० पेट्रोलचं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं. इथेनॉलमध्ये लिटरमागे सुमारे २.१ कोटी ज्यूल असतात, पेट्रोलच्या दोन तृतीयांश. त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं हे खरं आहे. सरकारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये, गाडी कशी आहे त्यानुसार एक ते सहा टक्के घट मान्य केली. त्या घटीवर उपाय म्हणून आता बाटल्या पुढे येत आहेत. रबरी नळ्या किंवा गंज यांच्यासाठी एखाद्या रसायनाचा उपयोग असू शकतो, तो वेगळा विषय आहे. पण ४० लिटरच्या टाकीत ८ लिटर इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ८.८ कोटी ज्यूल कमी, म्हणजे पावणेतीन लिटर पेट्रोलइतके. ५० मिलिलिटरच्या बाटलीत कोणतंही इंधन ठासून भरलं तरी त्याच्या जवळपासही पोचत नाही.